लेकराच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाची रेंज काहून? आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री साहेब, आरोग्य सेवा संचालक साहेब, विदर्भातले सगळे जिल्हा आरोग्य अधिकारी, सिव्हिल सर्जन, आणि ज्यांच्या टेबलावर लहान लेकरांचे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट येतात ते सगळे डॉक्टर साहेब, मॅडम

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा कोण आला आम्हाला शिकवणारा. रक्त काढणं, मशीनवर लावणं, स्लाईड बनवणं अन रिपोर्ट टाईप करणं, एवढंच काम. पण या कामात एक गोष्ट सारखी डोळ्यात खुपते आणि ती दुरुस्त करायला फार काही पैसा लागत नाही, जीआर लागलाच तर एका पानाचा लागन, म्हणून लिहून राहिलो.

गोष्ट अशी की लहान बाळाच्या सीबीसी रिपोर्टवर बाजूला जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती कितीतरी ठिकाणी मोठ्या माणसाचीच असते. लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, २० ते ४० टक्के, आकड्यात १,००० ते ४,०००. आता सहा महिन्यांचं लेकरू घ्या. त्याच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याच्या वर तर लिम्फोसाइटच असायला पाहिजे, आकड्यात चार हजाराच्या वर सहज. अशा लेकराचा टोटल काउंट, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी, आला ९,००० आणि लिम्फोसाइट १४ टक्के, म्हणजे गुणाकार करून १,२६०. मोठ्या माणसाच्या रेंजमध्ये १,२६० आरामात बसते. आकड्याच्या रकान्यात काही खूण नाही, ठळक नाही, काही नाही. टक्क्याच्या रकान्यात १४ च्या पुढं एल, म्हणजे लो, येतो खरा, पण तो पाहून सगळे म्हणतात की इन्फेक्शन आहे, न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणून हे कमी दिसून राहिले. झालं, अँटिबायोटिक लिहिलं, पुढचा पेशंट. आणि मजा पहा, चांगल्या गुटगुटीत लेकराचे लिम्फोसाइट ६५ टक्के आले की त्याच्या रिपोर्टवर मात्र ठसठशीत एच, म्हणजे हाय, छापून येतो आणि त्याची आजी दिवसभर डोळे पुसत बसते.

एक वर्षाच्या आतल्या बाळाचा हा आकडा अडीच-तीन हजाराच्या खाली दिसला तर एक शंका घ्यायचीच असते, की या लेकराच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी बनून तरी राहिल्या का. त्या आजाराचं नाव सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, बोलताना सगळे स्किड म्हणतात. जन्मापासूनच जीनमध्ये, म्हणजे जनुकात, दोष असतो, आणि इलाज नाही झाला तर बहुतेक लेकरं पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. आपल्याकडं मृत्यूच्या कागदावर लिहिलं जाते न्यूमोनिया. किंवा जुलाब. किंवा कुपोषण. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे.

स्लाईडवर हे कसं दिसते ते सांगतो, कारण मशीनचा आकडा पाहणं वेगळं अन डोळ्यानं पाहणं वेगळं. लिशमन स्टेन करून ऑइल टाकून शंभरच्या लेन्सखाली निरोगी बाळाची स्लाईड धरली की फिल्डमागून फिल्ड तेच ते, गोल गर्द जांभळं केंद्रक आणि त्याच्या भोवती आभाळी रंगाची बारीक कड, लिम्फोसाइट. पण स्किडची शंका यावी असं एक लेकरू आमच्याकडं आलं होतं, दोनदा न्यूमोनियासाठी भरती होऊन गेलेलं, तोंडात पांढरे चट्टे जे औषध लावून जायचे अन आठ दिवसात परत यायचे. त्याच्या स्लाईडवर नुसते न्यूट्रोफिल, तीन-चार खंडांच्या केंद्रकाचे, एक झाला की दुसरा. लिम्फोसाइट शोधत बसा. शंभर पेशी मोजेपर्यंत काउंटरचं ते बटण मी मोजून थोड्या वेळा दाबलं. रिपोर्टवर शेऱ्यात लिहिलं की वयाच्या मानानं लिम्फोसाइट फार कमी, कृपया तपासावे. ज्या मोठ्या दवाखान्यात तो रिपोर्ट गेला तिथं शेरा कोणी वाचला नाही. त्या लेकराचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही, त्या मायबापाची परवानगी नाही घेतली.

आता या पेशी बनतात कशा अन टिकतात कशा हे थोडं सांगतो. डॉक्टर साहेबांना ठाऊक आहे, पण हे पत्र आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई अन सरपंच पण वाचतील अशी आशा आहे.

हाडाच्या मगजात पेशी जन्म घेते. तिथून काही पेशी छातीच्या हाडामागं, हृदयाच्या वर बसलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात आणि तिथं टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचा एक प्रकार, होतात. ही ग्रंथी बाळपणी चांगली मोठी असते अन वय वाढलं की सुकत जाते, म्हणून लोक तिला बिनकामाची समजत. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांची थायमस काढून दाखवलं की या पेशी येतात कुठून अन त्या नसल्या की पिल्लू इन्फेक्शनपुढं टिकत नाही. तर त्या ग्रंथीत आलेली कोवळी पेशी स्वतःहून जगत नाही. तिला बाहेरून सिग्नल लागतो, त्याचं नाव इंटरल्युकिन-७. तो सिग्नल पकडायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर लागतो, त्या रिसेप्टरचा एक भाग म्हणजे गॅमा चेन, ती बनवायचा जीन आयएल-२-आरजी, आणि हा जीन बसला आहे एक्स गुणसूत्रावर. सिग्नल आत गेला की जॅक-३ नावाचं प्रोटीन तो पुढं पाठवते, मग स्टॅट-५, आणि शेवटी बीसीएल-२ वाढते. बीसीएल-२ चं काम एकच, पेशीला मरू न देणं. पेशीच्या आत मरायची सगळी तयारी आधीच करून ठेवलेली असते, ती रोखून धरावी लागते. या रांगेत कुठंही एक जीन बिघडला तर कोवळी पेशी थायमसमध्येच संपते, रक्तात येतच नाही.

आणि हीच गॅमा चेन इंटरल्युकिन २, ४, ९, १५ अन २१ च्या रिसेप्टरमध्ये पण लागते, म्हणून आयएल-२-आरजी बिघडला की टी पेशी तर नाहीच, एनके पेशी पण नाही (एनके अन बी हे पण लिम्फोसाइटचेच प्रकार). बी पेशी असतात, पण टी पेशींच्या मदतीशिवाय त्या नुसत्या असून असल्यासारख्या.

आरएजी-१ अन आरएजी-२ या दोन जीनचं काम याहून अजब आहे. जगात जंतू किती प्रकारचे, प्रत्येकासाठी वेगळा जीन ठेवायचा म्हटलं तर जागा पुरणार नाही. मग हे दोघं मिळून पेशीचा डीएनए चक्क कापतात, व्ही, डी अन जे अशा तुकड्यांतले काही उचलतात, दुसऱ्या प्रोटीनच्या मदतीनं ते जोडले जातात, आणि प्रत्येक पेशीचा रिसेप्टर वेगळा तयार होतो. डीएनएचे तुकडे असे हलतात हे सुसुमु टोनेगावा यांनी दाखवलं, त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. कापणारे जीन सापडले १९८९-९० मध्ये. यातला एक जरी पूर्ण बंद पडला तर टी पण नाही अन बी पण नाही. तिसरा प्रकार एडीए नावाच्या जीनचा, यात पेशीतला एक टाकाऊ पदार्थ साफ होत नाही, तो साचून विष होते, अन सगळ्यात आधी लिम्फोसाइट मरतात.

बरं पेशी बनली, रिसेप्टर लागला, तरी पास झाली असं नाही. आपल्या गडचिरोलीच्या पोलीस भरतीला पहाटेच्या थंडीत हजारो पोरं ग्राउंडवर उभे राहतात अन जागा किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. थायमसमध्ये त्याहून कडक काम आहे, १०० मधल्या ९५ च्या वर पेशी तिथंच बाद. रिसेप्टर कामाचा नाही, बाद. आपल्याच शरीरावर उलटणारा निघाला, बाद. फरक एवढाच की भरतीत राहिलेला पोट्टा पुढच्या वर्षी परत फॉर्म भरतो, इथं बाद झालेली पेशी मरते. आणि हे मरणं पण जीनच करवते. इन्फेक्शन संपल्यावर वाढलेल्या जादा पेशी काढून टाकायला एफएएस नावाचा जीन लागतो. तो बिघडला तर उलटा आजार, पेशी मरतच नाहीत, गाठी सुजतात, प्लीहा वाढत जाते. आता आपल्या भागात लेकराची प्लीहा हाताला लागली की पहिले मलेरिया, मग सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, यापुढं सहसा कोणी जात नाही, अन बहुतेक वेळा ते बरोबरच निघते म्हणा. पास झालेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी आणखी वेगळ्या, त्यांचा जीन फॉक्सपी-३, त्या कामासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल अन शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पेपरात एका दिवसाची बातमी आली अन गेली.

आता विदर्भाचा मुद्दा. मेळघाटापासून भामरागडपर्यंत आपल्याकडं वजन न वाढणारं लेकरू दिसलं की एकच शब्द तोंडात येते, कुपोषण. आणि कुपोषणानं पण थायमस सुकते हं, लिम्फोसाइट पण कमी होतात. म्हणजे दोन्हीकडं रिपोर्ट सारखाच दिसू शकते. पण भुकेनं सुकलेली थायमस खायला मिळालं, इन्फेक्शन गेलं की परत भरून येते. ज्याच्यात जीनचाच दोष आहे त्याला ग्राम बाल विकास केंद्रात कितीही आहार द्या, पेशी येणार नाही, जुलाब थांबणार नाही, वजन हलणार नाही. मग तिथल्या ताईला वरून बोलणी बसतात की तुझं मूल वाढत काहून नाही, अन घरच्या बाईला सासू बोलते की तुझ्या दुधातच काही नाही. कुठं कुठं तर लेकराच्या पोटावर गरम सळीचे चटके देतात, अन ज्याच्या अंगात पेशीच नाहीत त्याच्यासाठी ती जखम म्हणजे जंतूंना सरळ आत घेणं आहे. अशा लेकराची एचआयव्ही तपासणी होते, निगेटिव्ह येते, आणि फाईल तिथंच बंद होते. निगेटिव्ह आली तर खरं पुढचा प्रश्न तिथून सुरू व्हायला पाहिजे ना. एचआयव्ही नाही, तर मग पेशी गेल्या कुठं?

बीसीजीचं पण बोलावं लागते आणि हे फार जपून लिहितो. आपल्याकडं बाळ जन्मलं की बीसीजी देतात, आणि ते बरोबरच आहे, टीबी आपल्या गावागावात आहे. पण बीसीजीत जिवंत जंतू असते, कमजोर केलेला. ज्या बाळाला टी पेशीच नाहीत त्याच्या अंगात तो कमजोर जंतू पण पसरते, आधी काखेत, मग लिव्हर, हाडं, सगळीकडं. काखेत छोटी गाठ तर चांगल्या लेकराला पण येते कधी कधी, त्यानं घाबरायचं काम नाही. पण ज्या घरात आधीचं एखादं लेकरू वर्षाच्या आत वारंवार इन्फेक्शन होऊन गेलं आहे, त्या घरच्या पुढच्या बाळाला बीसीजी द्यायच्या आधी डॉक्टरनं एकदा रक्त तपासावं, एवढं मागणं आहे. तो प्रश्न माता बाल संरक्षण कार्डावरच छापा, आठव्या-नवव्या महिन्याला नर्सबाईनं विचारायचा. आधीचं मूल गेलं का, कशानं गेलं, आणि आईचे भाऊ लहानपणी गेले का.

हा मामाचा प्रश्न मी उगाच नाही घातला. आयएल-२-आरजी एक्सवर आहे, म्हणून आईकडून येते अन मुलग्यांना होते, आईला काहीच त्रास नसते. तिचा एखादा भाऊ लहानपणी गेलेला असते, बुढी सांगते की याला नजर लागली होती. बाकीचे प्रकार, आरएजी, जॅक-३, एडीए, यात दोन्हीकडून बिघडलेला जीन यावा लागते, आणि दोघं मायबाप वाहक असले तर दर खेपेला चारात एक अशी शक्यता. आपल्याकडं मामाच्या पोरीशी सोयरीक होते, आत्याच्या पोराला पोरगी देतात, शेत घरात राहते म्हणून म्हणा की ओळखीचं घर म्हणून म्हणा. असं लग्न केलं म्हणजे आजार होणारच असं अजिबात नाही, पण एकच बिघडलेला जीन दोन्हीकडून यायची शक्यता वाढते हे खरं आहे, आणि हे सांगताना कोणाच्या जातीला, समाजाला नावं ठेवायची गरज नाही.

अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७१ मध्ये डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा जन्मला, त्याला जन्मल्याबरोबर प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात ठेवलं, सगळ्या जगानं त्याचे फोटो पाहिले. त्याला जन्मापासून कक्षात काहून ठेवता आलं? कारण त्याचा मोठा भाऊ याच आजारानं सात महिन्यांचा होऊन गेला होता आणि डॉक्टरांनी ते कारण शोधून लिहून ठेवलं होतं. डेव्हिड १९८४ मध्ये बाराव्या वर्षी गेला, इलाज म्हणून दिलेल्या बहिणीच्या बोन मॅरोतून, म्हणजे हाडाच्या मगजातून, आलेल्या विषाणूमुळं. गॅमा चेनचा जीन सापडला १९९३ मध्ये, तो गेल्यावर नऊ वर्षांनी. आपल्याकडं बालमृत्यू अन्वेषण समिती आहे, फॉर्म आहे, बैठक पण होते. त्या फॉर्मवर न्यूमोनिया लिहिल्यावर तो वारंवार काहून झाला हे पण विचारत जा, अन शेवटचा सीबीसी जोडत जा.

कोणी म्हणेल एवढा दुर्मिळ आजार, अमेरिकेत साधारण ५८,००० बाळांमागं एक, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला. पण सिकलचं पहा ना. सिकलसेलचं नाव एकेकाळी आपल्या खेड्यात कोणाला माहीत नव्हतं, आज शाळेतलं पोरगं सांगते की मी एएस, म्हणजे वाहक आहे, माझा भाऊ एसएस, म्हणजे आजारी आहे. गावागावात सोल्युबिलिटी टेस्ट झाली, कार्ड वाटले, २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची ठरली. जीन, वाहक, दोघांचं कार्ड पाहून लग्न, हे शब्द विदर्भात नवीन राहिले नाही. चंद्रपुरात आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. म्हणजे आनुवंशिक आजारावर काम करणारे लोक आता विदर्भात आहेत, त्यांना ही पण जबाबदारी द्या, फ्लो सायटोमेट्री इथं करा, टी पेशी अन बी पेशी किती ते दोन दिवसात कळेल. आज अशा लेकराला घेऊन मायबाप धामणगावातून विदर्भ एक्सप्रेस पकडतात, मुंबईला परळमध्ये आयसीएमआरच्या संस्थेत जातात, तिथं काम चांगलं आहे, पण ऑक्सिजन लागणारं लेकरू घेऊन रातभर जनरलच्या डब्यात जाणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच विचारा.

खरी तपासणी तर जन्मल्याबरोबर करायची आहे. मघाशी सांगितलं ना आरएजी डीएनए कापते, तर टी पेशीच्या त्या कापाकापीत उरलेल्या तुकड्याचं एक छोटं गोल कडं तयार होते, त्याला ट्रेक म्हणतात. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे, वाळवायचे, आणि पीसीआरनं ही कडी मोजायची. कडी नाहीत म्हणजे थायमसमधून नवीन टी पेशी निघून नाही राहिल्या. विस्कॉन्सिन राज्यानं २००८ मध्ये हे सुरू केलं, २०१८ च्या शेवटापर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत लागू झालं. कोविडमध्ये आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात पीसीआरच्या मशीन आल्या, त्या ठिकाणी आता काय चालू आहे ते मी विचारत नाही. किट लागतील, माणसं शिकवावी लागतील, ते मान्य. पण लवकर सापडण्यानं फरक केवढा पडते ते ऐका. अमेरिकेत २००० ते २००९ मध्ये बोन मॅरोसारख्या पेशींचं ट्रान्सप्लांट झालेल्या स्किडच्या लेकरांचा अभ्यास छापून आला, साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्यांत १०० पैकी ९४ जगले. उशीर झाला अन इन्फेक्शन अंगात असताना केलं तर आकडा बराच खाली येतो. पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किड आहे, मदत पण ५० लाखांपर्यंत आहे, मुंबईचं केईएम त्यातलं केंद्र आहे. योजना कागदावर तयार, पण त्या योजनेच्या दारापर्यंत लेकरू पोचायला आधी कोणीतरी त्याचा रिपोर्ट नीट वाचायला पाहिजे.

ट्रेकला वेळ लागन, मला समजते. तोवर रिपोर्टवरची रेंज बदला. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये वयाप्रमाणे रेंज टाकायची सोय असते, कोणीतरी बसून ते आकडे भरायचे आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. सरकारी लॅब, खाजगी लॅब, सगळ्यांना सारखं पत्र काढा की एक वर्षाच्या आतल्या बाळाचा लिम्फोसाइटचा आकडा ३,००० च्या खाली असला तर तो ठळक छापायचा अन डॉक्टरला फोन करायचा, जसा प्लेटलेट २०,००० च्या खाली गेल्यावर आम्ही करतो. डॉक्टरनं लगेच परत तपासायचं, परत कमी आला तर वाट न पाहता पुढं पाठवायचं. यानं सगळे सापडणार नाही हे पण सांगतो. काही लेकरांत बी पेशीच भरपूर असतात, काहींत आईच्याच पेशी बाळाच्या रक्तात वाढलेल्या असतात, तिथं आकडा चांगला दिसते अन आजार आतच राहते. म्हणून आकडा बरा आहे पण लेकरू सारखं भरती होऊन राहिलं तर तेही पुढं पाठवाच.

तुमचा नम्र,
एक लॅब टेक्निशियन, जि. यवतमाळ

ता. क. : हे पत्र व्हॉट्सअपवर अर्धं कापून 'बीसीजी देऊ नका' असं कोणी फिरवू नये. माझ्या स्वतःच्या दोन्ही पोरांना बीसीजी, पोलिओ, रोटा, सगळं वेळेवर दिलं आहे अन तुमच्या लेकराला पण द्या. थांबायचं फक्त त्या घरात जिथं आधीचं लेकरू असं गेलं आहे, आणि तेही रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत, डॉक्टरला विचारून.